एकच तक्रार सांगायची

जीपमध्ये माणसं किती बसतात असं कोणी विचारलं की मी उलट विचारायचो, "धडधाकट की आजारी?" धडधाकट असतील तर चौदा-पंधरा, टपावरची वेगळी. आजारी असतील तर नऊ. आजाऱ्याला पाय लांब करायला जागा लागते आणि त्याच्या सोबतच्या माणसाला चुळबूळ करायला. हे गणित मला कोणी शिकवलं नाही. शहागडच्या फाट्यावर मी ट्रक धुतले, मग क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आणि १९८४ साली एका कंत्राटदाराची टाकून दिलेली जीप घासाघीस करून घेतली. ती काळी-पिवळी रंगवली आणि शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्याची खेप सुरू केली. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना गरज पडली त्यांना ते ठाऊक आहे. ज्यांना पडली नाही त्यांनी नशिबाचे आभार मानावेत.

या अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या प्रवाशांच्या गमतीजमती लिहा." गमती होत्या. पण माझ्या मनात एक राग बसलेला आहे, आणि तो उठून बाजूला झाल्याशिवाय मागच्या गमती पुढे येत नाहीत. म्हणून आधी राग.

ज्यांनी तो दवाखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथे दोन खिडक्या होत्या. एक नव्या केसपेपरची, एक जुन्याची. नवी खिडकी इमारतीच्या आत, पंख्याखाली. नाव, गाव, वय, काय होतंय, एवढं सांगितलं की कागद हातात. जुनी खिडकी बाहेरच्या भिंतीला. तिची रांग पत्र्याच्या शेडमधून सुरू व्हायची आणि शेड संपली की उन्हात. तिथे तुमचा मागचा कागद घेऊन बाबू रजिस्टर उघडणार, नंबर जुळवणार, नाही जुळला तर आत जाऊन दुसरं रजिस्टर आणणार, मग शिक्का. शिक्का मिळाला तरी सुटका नाही. ज्या वारी तुम्ही पहिल्यांदा आलात त्या वारच्या डॉक्टरांचे तुम्ही. सोमवारचा माणूस बुधवारी गेला तर, "तुमचा वार सोमवार, सोमवारी या." आणि साडेबाराला ओपीडी बंद.

आता माझी जीप सोमवार-बुधवार ओळखत नव्हती. भरली की निघायची. तीर्थपुरी, घनसावंगीकडून माणसं पहाटे निघून फाट्यावर यायची. त्यांना शिक्क्यासाठी ताटकळत ठेवून, तपासणीविना परत आणणं मला पटायचं नाही. दोन-चार खेपांत मी सगळं हेरलं आणि गिऱ्हाइकांसाठी दोन नियम केले. पहिला : जुना कागद दाखवायचा नाही, दर वेळी नवा काढायचा. दुसरा : एकच तक्रार सांगायची. दोन सांगितल्या की डॉक्टर दोन विभागांना पाठवणार, दोन विभाग म्हणजे दोन रांगा, आणि दोन रांगांत एक माणूस साडेबाराच्या आत मावत नाही.

या नियमांचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या जीपवाल्यांची माणसं संध्याकाळपर्यंत अडकायची, माझी दोन वाजता फाट्यावर परत. लोक म्हणायचे, सर्जेरावची गाडी धरा, तो डॉक्टरची गाठ घालूनच आणतो. एकदा तीर्थपुरीचे एक आजोबा बसले. त्यांना गुडघा होता, मोतीबिंदू होता आणि अंतर्गळ होता. मी म्हणालो, "आजोबा, यातलं एक." ते गडबडले. "एक कोणतं? तिन्ही माझेच हायेत." शेवटी जीपमध्ये मतदान झालं. गुडघा एका मताने जिंकला. आजोबा परत येताना म्हणाले, "पुढच्या खेपेला मी उभा राह्यतो मोतीबिंदूकडून." सगळी गाडी हसली. मीही हसलो. तेव्हा हसलो.

गयाबाई आणि तिची सून कौसा माझ्या गाडीत पहिल्यांदा आल्या त्या दिवशी भांडणच झालं. तीर्थपुरीजवळच्या एका वाडीवरच्या या धनगर बायका. मुलगा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन फिरतीवर, घरी सासू आणि सून. गयाबाई आली ती थेट पुढच्या सीटपाशी.

"ही शीट कोनाची हाय?"

"गुरुजींची. रोजचं गिऱ्हाईक हाय."

"आजारी हायेत का गुरुजी?"

"न्हाई."

"मंग माघं बसव त्यांला. माझ्या सुनंला ऊन चालत न्हाई."

मी हसलो. "मावशी, मेंढरामागं फिरणारी माणसं तुम्ही. ऊन चालत न्हाई म्हणता?"

"मला चालतं. मेंढरांला बी चालतं. तिला न्हाई चालत. उन्हात गेली की तोंड पेटतंय तिचं. अन् तुझ्या गाडीत जाताना बी ऊन तुझ्या अंगावर, येताना बी तुझ्याच अंगावर. डावीकडं येतच न्हाई. म्या दोन बाजार इथं बसून बघितलंय."

सात वर्षं मी त्या रस्त्यावर होतो. माझा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडला होता, आणि का, ते मला या बाईने सांगितलं. जाताना सूर्य उजवीकडे, दुपारून परत येतानाही उजवीकडे. मी हरलो. घासाघिशीत मी सहसा हरत नाही, म्हणून लक्षात राहिलं. गुरुजी मागे गेले आणि पुढचे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत.

कौसा बसली तेव्हा तिच्या पदराआडून चेहरा दिसला. विशीतली पोर. नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा, पाखराने पंख पसरावेत तसा. वाडीवर कुजबूज सुरू झाली होती की हा महारोग आहे. पाणवठ्यावर बायका तिची घागर टेकवू देत नव्हत्या. गयाबाईला डॉक्टरकडून एवढंच हवं होतं की हा तो रोग नाही, आणि ते कागदावर हवं होतं.

मी नवा कागद काढून दिला. तक्रार : चेहऱ्यावर चट्टा. त्वचेच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, हातापायाच्या नसा चाचपल्या, म्हणाले, "महारोग नाही." मलम दिलं. गयाबाईने तो कागद चौघडी करून कापडी पिशवीत घातला आणि वाडीवर गेल्यावर ज्याला त्याला उघडून दाखवला. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. ती बोट ठेवायची आणि म्हणायची, "हे बघा, इथं लिव्हलंय, न्हाई म्हणून."

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. आता कौसाची बोटं सकाळी मिटत नव्हती, गुडघे सुजले होते. गाडीत तिने हळूच विचारलं, "भाऊ, गुडघं बी दुखतेत, तोंड बी आलंय, केस बी गळून राह्यले. काय सांगू?"

"गुडघे सांग."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं पुढच्या खेपेला."

हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललो. आज लिहितानाही पेन थांबतं.

हाडांच्या विभागाने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. मागचा कागद मी गयाबाईला दाखवू दिला नाही. तिने पिशवीत हात घातला तसा मी डोळे वटारले. "मावशी, ते काढलं की सरळ उन्हातल्या रांगेत. तुमच्याच सुनंला ऊन चालत न्हाई ना?" तिने रिकामा हात बाहेर काढला. मुद्दा बिनतोड होता. पुढच्या खेपेला ताप सांगितला, त्यांनी तापाचं औषध दिलं. त्याच्या पुढच्या खेपेला तोंडातले फोड, त्यावर लावायला काहीतरी जांभळं दिलं. मग अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या. मग परत सांधे, परत त्याच दुखण्यावरच्या गोळ्या. मध्ये तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं, ते तर कोणाला सांगितलंच नाही, कारण त्या दिवशीची तक्रार दुसरी होती. प्रत्येक वेळी नवा डॉक्टर, नवा कागद. वय मी घाईत तोंडाला येईल ते सांगायचो. एका कागदावर ती वीस वर्षांची, पुढच्यावर चोवीस, मग परत बावीस. नावं कौसाबाई, कौशल्या, कौसल्याबाई. त्या दवाखान्यात कौसा नावाची एक बाई सहा वेळा गेली नव्हती. सहा बाया एकेकदा जाऊन आल्या होत्या.

अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. सातव्या खेपेला तिचे पाय सुजलेले होते, डोळ्यांखाली फुगलेलं होतं. त्या दिवशी आतली खिडकी रंगकामासाठी बंद होती आणि दोन्ही रांगा बाहेर एकत्र लागल्या होत्या. एप्रिल होता. गयाबाईने पदर धरून तिच्यावर सावली केली होती, पण पदर तो किती? मी पुढे जाऊन बाबूशी भांडत होतो की आजारी बाईला आधी घ्या. बाबू म्हणाला, "इथे सगळे आजारीच आहेत." मागे गलका झाला. वळून पाहिलं तर कौसा जमिनीवर.

तिला अपघात विभागातून थेट वॉर्डात घेतलं. दुसऱ्या दिवशी मी खेप घेऊन गेलो तेव्हा गयाबाईसाठी भाकरी नेली. वॉर्डात राउंड चालू होता. मेडिसिन विभागाच्या एक वरिष्ठ मॅडम होत्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. त्या कौसाच्या कॉटशी थांबल्या. चट्ट्याकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, पायाला अंगठा दाबून खड्डा पाहिला.

"बाळ, याआधी काय काय त्रास झालाय तुला?"

कौसाने मॅडमकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचं फडकं घेऊन कॉटच्या पायथ्याशी उभा. तिने आवाज खाली घेऊन मला विचारलं, "भाऊ, आज कोणतं सांगू?"

मॅडम म्हणाल्या, "कोणतं म्हणजे?"

"एकच सांगायचं असतंय ना," कौसा म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"भाऊंनी."

वॉर्डातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली असं मला वाटलं. खरं तर कोणी बघत नसेल, ज्याला त्याला आपापलं होतं. मी काही बोलायच्या आत गयाबाईने काखेतली पिशवी कॉटवर पालथी केली. सहा कागद. मी फाडा म्हटलेले, लपवा म्हटलेले, सगळे. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कागद तारखेप्रमाणे चादरीवर मांडले, कौसाच्या सुजलेल्या पायांपासून वर. मग एका शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या, "मोठ्याने वाचा." त्याने वाचलं. चट्टा, उन्हाने वाढणारा. सांधे. ताप. तोंडातले फोड. रक्त कमी. पुन्हा सांधे. मॅडमनी कौसाला विचारलं, "आणखी काही? जे कागदावर नाही?" तेव्हा ती केसांचं बोलली आणि पोट पडल्याचं बोलली. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागली नसतील.

"आता सांगा," मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या. त्यातला एक चाचरत म्हणाला, "ल्युपस?"

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. पुढे मॅडमनी गयाबाईला समजावलं ते असं की आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते, या आजारात ती फौज घरच्याच माणसांवर उलटते. कधी कातडीवर, कधी सांध्यावर, कधी रक्तावर. म्हणून तो एका ठिकाणी दिसत नाही. सगळं एकत्र पाहिलं तरच दिसतो. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि ऊन त्याला भडकवतं. गयाबाई म्हणाली, "ते मला ठावं हाय."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "फौज आता किडनीवर गेली आहे. हे सगळं दोन वर्षांपूर्वी एका कागदावर असतं तर कदाचित तिथवर पोचलं नसतं. तुमच्यासारख्या दलालांमुळे आमचे पेशंट मरतात."

दलाल. माझं डोकं फिरलं. मी दवाखान्यात कोणाला कधी चिरीमिरी दिली नव्हती की घेतली नव्हती. मी वॉर्डात ओरडलो. "मॅडम, मी आठवी नापास माणूस हाय. ल्युपस मला कुठून माहीत असणार? तुमची नवी खिडकी पंख्याखाली अन् जुनी उन्हात, हे कोणी ठरवलं? म्या ठरवलं? जुना कागद घेऊन येणाऱ्याला शिक्षा अन् नवा काढणाऱ्याला सोय, हे कोणाचं डोकं? तुम्हाला जुना कागद पाहिजे होता तर त्या रांगेवर शेवटपर्यंत पत्रा तरी टाकायचा!"

सिस्टर धावत आली. शिकाऊ डॉक्टर माझ्या आणि मॅडमच्या मध्ये येऊन उभे राहिले. तेवढ्यात गयाबाई कागद गोळा करता करता म्हणाली, "बाई, दलाल न्हाई तो. येडा हाय. सोताला काही येत न्हाई अन् समद्यांला शिकवून राह्यला."

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. अजून येत नाही. मॅडमचं तेव्हा चुकलं असं मी आजही म्हणतो. माझं बरोबर होतं असं मात्र म्हणत नाही.

कौसा महिनाभर वॉर्डात होती. सूज उतरली. तिला घरी सोडलं त्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो, सौदा करायला. मला दुसरं काही येत नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही एक वार सांगा, मी त्या वारी गाडी काढीन, भरो न भरो. असल्या आजाराची माणसं मी हुडकून आणीन. जुने कागद बराबर आणीन. पण ती बाहेरच्या रांगेत उभी राहणार न्हाईत."

त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही."

"मी बी बसत न्हाई."

त्यांनी थोडा वेळ टेबलावर पेन आपटलं. मग म्हणाल्या, "गुरुवार. दोननंतर. या खोलीत. शिक्का मी नंतर मारून घेईन. आणि प्रत्येकाला एक वही करा. जे जे होईल ते त्यात, आणि वही पेशंटच्या हातात."

दारावर पाटी नव्हती, कुठे नोटीस नव्हती. गुरुवारची ती खोली फक्त ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच ठाऊक होती. मी चार गावांत सांगत फिरलो. चट्टेवाल्या, सांधे धरलेल्या, कारण न कळता खंगलेल्या बायका. त्यातल्या फार थोड्यांना हा आजार निघाला, पण जिला निघाला तिला वेळेत निघाला. गुरुवारी माझी जीप कधी नऊ जणांची, कधी तीन जणांची. डावीकडची पुढची सीट गुरुवारी मी गुरुजींना काय, सरपंचालाही दिली नाही.

आता औषधाचं ऐका. कौसाला दोन गोळ्या लिहिल्या होत्या. एक स्टेरॉइडची. ती एकाएकी बंद करायची नाही अशी तंबी होती. दुसरी गोळी मलेरियाची, तीच या आजारातही चालते म्हणे. मोठ्या दवाखान्यातून आठवड्याचीच मिळायची. मी म्हणालो, ही तर आपल्याकडे मिळेल. गयाबाईला घेऊन आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात गेलो. कंपाउंडरने चिठ्ठी पाहिली.

"मलेरिया हाय का?"

"न्हाई. दुसरा आजार हाय. मोठ्या डॉक्टरनं लिव्हलंय."

"मंग न्हाई मिळणार. गोळी मलेरियाची हाय."

"तुमच्या माघं डबा भरलेला दिसून राह्यला."

"तो बी मलेरियाचा हाय."

"डब्याला मलेरिया झालाय का?"

त्याने रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. रकाना एकच होता : मलेरिया. त्यात दुसरं काही लिहायला जागा नव्हती, म्हणून जगात दुसरं काही नव्हतं. गयाबाई म्हणाली, "सुनंला डास चाववून आणू का मंग?"

महिनाभर मी त्या केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एक दिवस तिथल्या डॉक्टरसाहेबांची सरकारी गाडी बंद पडली आणि त्यांना जालन्याला मीटिंगला जायचं होतं. ते फाट्यावर आले. मी म्हणालो, "साहेब, बसा. पुढची शीट रिकामी हाय. पण गाडी सुरू व्हायच्या आधी एक चिठ्ठी लिहावी लागंल." त्यांनी बोनेटवर कागद ठेवून लिहिली. तेव्हापासून कौसाला गोळी मिळू लागली. एका बाईची सरकारी गोळी सरकारी डब्यातून बाहेर यायला सरकारी गाडी बिघडावी लागली. याला मी काय म्हणू? माझ्याकडे शिव्या पुष्कळ आहेत, पण दिवाळी अंक घरातली सगळी वाचतात.

तीन वर्षांनी मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांना मी गुरुवारचं सांगितलं. ते म्हणाले, "अशी काही ओपीडी रेकॉर्डवर नाही." नव्हतीच. पाटी नव्हती, नोटीस नव्हती. जी गोष्ट एका माणसाच्या भल्या मनावर चालते ती त्या माणसाच्या बदलीबरोबर ट्रकमध्ये चढते. गुरुवार संपला. आमच्याकडे वह्या राहिल्या. मग मी जुन्या खिडकीच्या रांगेत लागलो, स्वतः. बायका झाडाखाली बसायच्या, मी त्यांचे कागद घेऊन उन्हात उभा. उजवा हात काळा होताच, आता डावाही झाला.

कौसा दवाखान्यातून आल्यावर बारा वर्षं जगली. चांगली जगली असंही म्हणता येईल. शेतात जाता आलं नाही, पण घरात बसून तिने शिवणयंत्र चालवलं, वाडीतल्या त्याच बायकांच्या चोळ्या शिवल्या ज्यांनी घागर टेकवू दिली नव्हती. किडनी मात्र पहिली झालीच नाही. शेवटच्या वर्षी रक्त धुण्याच्या मशीनवर जावं लागलं. मोठ्या दवाखान्यात दोन मशिनी होत्या. एकीवर सदा पांढरी चादर टाकलेली असायची. दुसरीसाठी यादी. यादीत आमचा नंबर यायचा तेव्हा मी तिला डाव्या सीटवर बसवून न्यायचो. एकदा ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही माझ्याकडं बघत न्हाईत आजकाल गाडी चालवताना." मी म्हणालो, "रस्ता बघावा लागतो." ती म्हणाली, "रस्ता तर तुम्हाला पाठ हाय." तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता आलं असतं.

ती गेल्यावर मी गयाबाईच्या दारावरून जाणं टाळत होतो. दोनेक वर्षांनी तीच फाट्यावर आली. काठी टेकत, काखेत तीच पिशवी, सोबत एक सतरा-अठरा वर्षांची पोर.

"हसनाबादची हाय. माझ्या बहिणीची नात. लग्नात बघितली म्या हिला. तोंड बघ हिचं."

मी पाहिलं. पाखराचे पंख.

"गाडी काढ," गयाबाई म्हणाली. "मी माघं बसते."

तोवर मी खेपा सोडल्या होत्या. गुडघे गेले होते, जीप विकायला काढली होती. तरी गाडी काढली. पोरीला डावीकडे बसवलं. तिच्याजवळ हसनाबादकडच्या डॉक्टरचे दोन जुने कागद होते. मी ते हातात धरून बाहेरच्या रांगेत उभा राहिलो. शेडच्या पुढे पत्रा अजून टाकलेला नव्हता. आता आत काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता, तिथे नवा कागद दोन मिनिटांत निघत होता. केबिनमधली मुलगी दारातून डोकावून म्हणाली, "काका, कशाला उभे राहताय? नवीन काढा ना, लवकर होईल." मी म्हणालो, "बाई, हे मी तुझ्या जन्माआधी शोधून काढलंय."

बारा वाजून गेल्यावर आत शिरलो. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांत झोप. टेबलासमोर गर्दी. त्याने पोरीला विचारलं, "काय होतंय?"

पोरगी म्हणाली, "आधी बोटं दुखायची, मंग…"

"थोडक्यात. मुख्य तक्रार एकच सांगा."

पोरगी थांबली. तिने वळून गयाबाईकडे पाहिलं. गयाबाईने माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "न्हाई डॉक्टरसाहेब. एक न्हाई. ती समदं सांगणार. पहिल्यापासून. तुम्ही लिहिणार."

"बाहेर चाळीस पेशंट आहेत," तो म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही कोण? हिचे वडील?"

"न्हाई."

"मग कोण आहात?"

मागे गयाबाई होती. ती काही बोलेल म्हणून मी क्षणभर थांबलो.

"दलाल," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली. लिहा तुम्ही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण काढलं. पोरगी स्टुलावर सावरून बसली आणि बोटांपासून सांगू लागली.